होडीखालचा पत्ता

उपड्या होडीच्या तळाला सत्तावीस भोकं होती. खिळे गंजून गळून पडले, भोकं राहिली. पहाटे त्यांतून उजेड झिरपायचा आणि ओगुटूला रोज वाटायचं, आपण सरोवराच्या तळाशी निजलोय. वर पाणी आहे, पाण्यावर आकाश आहे आणि जाताना कुणी तरी चांदण्या विझवायला विसरलंय.

मग पावलं यायची. रेतीवर अनवाणी पावलं. होडीपाशी येऊन थांबायची. तेवढा वेळ लाटासुद्धा दबकत यायच्या. थोड्या वेळाने पावलं परत फिरायची.

ती कुणाची, हे ओगुटूला माहीत होतं. ओसेवेची. होडी ओसेवेचीच होती आणि ओसेवेला चार वर्षांपूर्वी ओगुटूनेच मारलं होतं. जाळ्यावरून भांडण, हातात वल्हं, एकच घाव. तेव्हा ओगुटू पंधरा वर्षांचा होता. मेलेला माणूस आपली होडी बघायला येतो, त्यात नवल कसलं? त्या होडीला गावात दुसरं कुणी हात लावत नव्हतं, म्हणून तर तिच्याखाली जागा रिकामी होती.

सुधारगृहातून त्याच्यासोबत सात जण सुटले होते. चार महिन्यांत चौघे परत आत गेले. साहेब लोक सभेत माना हलवतात, म्हणतात, ही पोरं सुधरतच नाहीत. सुटल्यावर ही पोरं झोपली कुठे, हे एकाही साहेबाच्या तोंडून निघत नाही.

ओगुटूच्या कागदावर दोन अटी होत्या. आईच्या आवारातच राहायचं. आणि मेलेल्याच्या माणसांना, त्याच्या वस्तूंना शिवायचं नाही. लिहिणाऱ्याने खुर्चीत बसून लिहिल्या आणि तो जेवायला गेला. मिसरूड फुटलेला मुलगा आईच्या घरात झोपत नाही. तो फाटकाजवळ आपली सिंबा बांधतो, एका खोलीची झोपडी, आणि तिथे निजतो. ओगुटू आत होता तेवढ्यात धाकट्या ओबुराने आपली सिंबा बांधून टाकली होती. आणि थोरल्याने धाकट्याच्या छपराखाली पाठ टेकली की घराला शाप लागतो.

"दादा, ये ना माझ्याकडे," ओबुरा म्हणाला होता. "कोण बघतंय?"

"मेलेले बघतात."

"त्यांना काय, रिकामटेकडे!"

बाप नव्हता, म्हणून नव्या सिंबेचा पहिला खांब काकाने रोवायचा. काका म्हणाला, "रोवतो की. पण आधी ओसेवेच्या माणसांसोबत बस, रक्त धुऊन घे."

"काका, कागद म्हणतो त्यांच्याजवळ जायचं नाही."

"मग कागदालाच सांग खांब रोवायला."

असा प्रकार. कायदा म्हणे जवळ जाऊ नको, रीत म्हणे गेल्याशिवाय घर नाही. मधे जी फट उरली, तिच्यात एक उपडी होडी होती. ओगुटू तिच्यात शिरला आणि कुणाला काही बोलला नाही.

मंगळवारी प्रोबेशनच्या जेरोटिच मॅडमनी त्याला कचेरीत उभं केलं. मॅडम डोंगराकडच्या. तीन तालुक्यांतली पोरं त्यांच्या एकटीच्या माथी मारलेली.

"दोनदा पहाटे आले. दोन्ही वेळा घरी नव्हतास."

"मासे धरायला..."

"खोटं बोलू नकोस. तुला कुणी होडीत घेत नाही, मला माहितीये. शुक्रवारी शेवटचं येणार. कुठे झोपतोस ते दाखवायचं. नाही दाखवलंस तर फाइल कोर्टात. आता एकोणीसचा झालास, सुधारगृह संपलं. मोठ्यांचा तुरुंग."

तोंडाशी आलेली होडी त्याने गिळली. सांगितलं तर दुसरीही अट मोडल्याचं उघड, नाही सांगितलं तर पहिलीवरूनच तुरुंग.

बाहेर म्बुता उभा होता. सातातला एक, अजून बाहेर असलेला. मोठ्या तोंडाच्या माशाचं नाव त्याला उगाच नव्हतं पडलं.

"काय रे, मॅडमनी लग्नाची मागणी घातली का?" तो खिदळला. "ऐक. पलीकडच्या धक्क्यावर माझी खोली आहे. खाट आहे, दाराला कुलूप आहे. दारावर नंबरसुद्धा आहे, तुझ्या मॅडमला लिहायला. होडीच्या एका इंजिनाला हात लाव माझ्यासोबत, खाट तुझी."

"इंजिन कुणाचं?"

"ज्याचं आहे त्याचं. शनिवारी पहाटे काठच्या वेतात शीळ घालीन."

दार. ओगुटू तीन दिवस त्या दाराचीच स्वप्नं बघत राहिला. सरोवरात एक दार तरंगत होतं, त्याला कडी होती, आणि कडी आतून लागत होती.

शुक्रवारी तो उजाडायच्या आत आईच्या अंगणात जाऊन बसला. मॅडम मोटरसायकलवरून उतरल्या.

"हां, आज आहेस. दाखव, कुठे झोपतोस?"

"माझ्यात झोपतो," ओबुरा मधे पडला.

मॅडमनी आत डोकावून पाहिलं. "चटई एक. दोघे काय एकमेकांवर झोपता?"

आई चुलीवर मक्याची उगाली ढवळत होती, तिचा हात थांबला. तेवढ्यात फाटकातून आवाज आला.

"तो माझ्या नवऱ्याच्या होडीखाली झोपतो."

ओसेवेची विधवा, न्यासेमे. ओल्या ओमेनाची, बारक्या मासळीची टोपली डोक्यावर, पाय अनवाणी, रेतीने माखलेले. आईने तोंडावर हात धरला. संपलं, ओगुटूला वाटलं.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"चार महिने. रोज पहाटे जाऊन बघते मी. पहिल्या दिवशी कोयता घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशीही. मग मासळी वाळत घालायला उशीर व्हायला लागला, कोयता घरी ठेवला."

ओगुटूने तिच्या पायांकडे पाहिलं. ती पावलं मेलेल्याची नव्हती.

"मग तक्रार का नाही केलीत?"

"केली असती तर तुम्ही याला उचलून कुठे तरी ठेवलं असतं. तिथून कधी सुटला, कुठे गेला, मला कोण सांगायला येणार होतं? आज तो कुठे आहे हे मला रोज कळतं. तुम्हाला महिन्यातून एकदा कळतं, तेही चुकीचं."

"म्हणजे तुम्ही त्याला माफ..."

"तोंड आवरा, मॅडम. कोण म्हणालं?" न्यासेमेने टोपली खाली ठेवली. पहिल्यांदाच ती ओगुटूकडे वळली. "होडीला डांबर लाव. भोकं बुजव. पण सुलटी करायची नाही. मी सांगेन तेव्हाच. आणि पहाटे मी ठोकलं की ओ द्यायची."

जेरोटिच मॅडमनी कागदावरच्या दोन्ही अटी पुन्हा वाचल्या. "हे नियमात बसत नाही. कोर्टाला विचारावं लागेल."

"विचारा. तोवर तो तिथेच आहे."

"आणि पत्ता काय लिहू?"

"होडीवर नाव आहे की," ओबुरा म्हणाला. "'देव जाणे'."

मॅडमना हसू आलं, त्यांनी ते दाबलं. 'राहण्याचं ठिकाण' लिहिलेल्या रकान्यात त्यांनी पेन टेकवलं. पुढे कंसात लिहिलं: देखरेख, रोज. कोर्ट काय म्हणेल ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शनिवारी पहाटे सत्तावीस चांदण्या उजळल्या. एकही भोक अजून बुजलं नव्हतं. वेतातून शीळ आली. दुसरी आली. ओगुटूच्या डोळ्यांपुढे ते तरंगतं दार उभं राहिलं, कुलूप, नंबर, सगळं. त्याने एक हात होडीच्या काठाखालून बाहेर काढला. रेती गार होती.

मग पावलं आली. थांबली. लाकडावर लाकूड वाजलं, तीनदा.

"आहेस का?"

वेतात तिसरी शीळ वाजली, जरा चिडकी.

ओगुटूने हात आत घेतला.

"आहे," तो म्हणाला.

पावलं लगेच गेली नाहीत. बाहेर ओमेना पसरल्याचा आवाज येत होता, ओंजळ ओंजळ. वर कुठे तरी पाणी हलत होतं.