पडीक रान

वळसंगच्या शिवारात सोलरच्या काचा बसल्या आणि दगडाबाई एकटी पडली. रान गेलं ते मालकांचं, त्यांना घरबसल्या भाडं सुरू झालं. रानाबरोबर खुरपणीच्या दहा बायका पांगल्या, त्याचं कुणाला काय! कुणी पुण्याला बांधकामावर गेली, जिवाभावाची शमशाद सोलापुरात लेकीकडे राहायला गेली. दगडाबाईला ना लेक ना सून, ती जाणार कुठं? सवयीनं भाकरी फडक्यात बांधायची आणि उंबऱ्यातच बसून खायची. दिवसदिवस बोलायला माणूस मिळत नसे.

मग कंपनीनं पाटी लावली : इथल्या रानात राबलेल्या मजुरांना काचा धुवायचं काम मिळेल. म्हणजे पुन्हा चारचौघीत बसणं आलं, एकमेकींचं कोरड्यास चाखणं आलं, थट्टामस्करी आली. पगाराआधी तिला तेच आठवलं. धुतलेलं लुगडं नेसून बाई ऑफिसात हजर.

टेबलामागं उत्कर्षा नावाची मुलगी होती, बोलायला गोड. "मावशी, कोणाच्या शेतात होता?"

"शिवलिंगप्पा मालकांच्या. तीस वर्सं खुरपलं की! कुटला दगड कुटं हाय, डोळं झाकून सांगते."

उत्कर्षानं फाईल काढली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. "ते रान पडीक होतं, मावशी. दहा वर्षं पेरलंच नाही, असं लिहिलंय. पडीक जमिनीला मंजुरी लवकर मिळते. पण मग तिथं मजूर कुठून असणार?"

"पडीक? काचा बसायच्या आदल्या साली शाळू काढलाय आमी! कुणी लिवलं, त्या मुडद्याचं नाव सांगा मला."

उत्कर्षानं कागद तिच्याकडे फिरवला. पंचनामा होता. खाली पंच म्हणून दगडाबाईचंच नाव, शेजारी निळा अंगठा.

तिला तो दिवस आठवला. मालकांनी हाक मारली होती, "दगडाबाई, जरा अंगठा दे." कशाचा, हे तिनं विचारलं नाही. मालकांना असं विचारायचं असतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. उलट साहेबलोकांत खुर्चीवर बसवून चहा पाजला, म्हणून आठवडाभर ती टोळीत मिरवली होती. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

"टोळीतल्या दुसऱ्या कुणी आल्या तर?" तिनं विचारलं.

"त्यांनाही हेच सांगावं लागेल, मावशी."

ती बाहेर आली. तारेच्या कुंपणापलीकडं तिचं रान काचांखाली झाकून गेलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. शमशाद होती.

"दगडे, काम निगालंय म्हनं! माजं बी नाव घाल की. लेकीच्या दारात लई झालं, मी परत येते बघ."

तिनं यावं म्हणून दगडाबाईचा जीव तुटत होता. "येऊ नगं," ती म्हणाली. "रान पडीक हुतं म्हून लिवलंय. त्येच्यावर अंगठा माजाच हाय."

शमशाद म्हणाली, "तुज्या एका अंगठ्यात आमा नवजणींचा बी दिलास की गं."