आत कोणी आहे का?

बिघडेपर्यंत वाट बघणारी माणसं मिस्त्रीच्या डोक्यात जायची. त्याचा धंदाच तसा होता. लिफ्ट नीट वरखाली करत असतानाच तिचं तेलपाणी करायचं, दोर तपासायचे, ब्रेक बघायचे. बंद पडल्यावर धावाधाव करणारा तो कसला मिस्त्री? हा नियम त्याने घरातही आणला होता. गॅसची नळी, पंख्याचे स्क्रू, आईच्या चष्म्याच्या काड्या, दर महिन्याला सगळ्यांची हजेरी घेतली जायची आणि त्यात राउटरचाही नंबर लागायचा. राउटरच्या पोटात जो प्रोग्राम असतो, त्याची नवी आवृत्ती कंपनी अधूनमधून काढते, ती भरली नाही तर भलतेच लोक आत शिरतात आणि यंत्रही सुस्तावतं, हे त्याने कुठंतरी वाचलं आणि मनावर घेतलं.

बायको थट्टा करायची. तीन-चार महिन्यांतून एकदा बघितलं तरी पुष्कळ असं कंपनीच म्हणते, तुम्ही मात्र त्या डब्याला तान्ह्या बाळासारखं न्हाऊमाखू घालता, असं तिचं म्हणणं. तो म्हणायचा, लिफ्टमध्ये अडकलीस की कळेल. यावर ती म्हणायची, आपण तळमजल्यावर राहतो. एवढ्यावर तो वाद मिटायचा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू व्हायचा.

दोघंही दिवसभर कामावर, घरी एकटी आई. ती फोनवर जुने सिनेमे बघायची आणि नेट अडलं की बावरून जायची. म्हणून मिस्त्रीने तिला एक गोष्ट शिकवून ठेवली होती. चपलांच्या कपाटावर तो डबा आहे, त्यावर लाल दिवा लागला की भिंतीतलं बटण बंद करायचं, थोडं थांबायचं, पुन्हा चालू करायचं. बस्स. आईला या कामाचा भारी अभिमान. सून कधी त्या बटणाकडे वळली तर म्हणायची, "तू राहू दे, ते माझं खातं आहे." येताजाता ती डब्यावरून फडकं फिरवायची आणि दिवा हिरवा बघून समाधानाने आत जायची.

इमारत नवी होती, गावाबाहेर, टेकडीला पाठ लावून उभी. अर्ध्याहून जास्त घरांना अजून बिल्डरचंच कुलूप. तळमजल्यावर फोनला रेंज म्हणून मिळत नसे. त्या घरातून बाहेरच्या जगाकडे जाणारी वाट म्हणजे तो कपाटावरचा डबा.

हे सगळं चालून जात होतं, कारण तोवर त्या वाटेवर कुणाचा जीव अडकलेला नव्हता. मग बायकोची धाकटी बहीण आजारी पडली. ती दूर, विमानाने जावं लागेल इतक्या लांब. कामावरून जायची परवानगी मिळेना आणि मिळाली असती तरी दवाखान्यात काचेपलीकडे कुणाला सोडत नव्हते. घशात नळी होती, त्यामुळे बोलणं बंद. थोरली कामावरून लवकर घरी यायची. दुपारी चार वाजता नर्स धाकटीसमोर फोनचा पडदा धरायची आणि दोघी बहिणी एकमेकींकडे बघायच्या. थोरली बोलायची, धाकटी नाकाला बोट लावायची. लहानपणी एका अंथरुणात झोपताना त्यांनी काढलेली ती खूण होती. आईचा ओरडा बसला, अंधाराची भीती वाटली, की जिला कमी भीती वाटत असेल तिने नाकाला बोट लावायचं. अर्थ एवढाच, की मी आहे, रडू नकोस. आता मरणाच्या दारात पडलेली पोर थोरलीला ती खूण करायची, आणि थोरली हसत हसत उलटी खूण करून फोन बंद झाला की न्हाणीघरात जाऊन रडायची.

शस्त्रक्रिया ठरली. पहाटे नेणार होते. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. उद्या नीट बघून घ्या, असं नर्सने फोनच्या शेवटी हळू आवाजात सांगितलं होतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी मिस्त्री रजा घेऊन घरी थांबला. बायकोने धाकटीला आवडणारी पिवळी साडी काढली होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकायला ती आरशासमोर बसली होती. काही करायला मिळालं नाही की मिस्त्रीचे हात शिवशिवायचे. गेले दोन दिवस चित्र मध्येच गोठत होतं, धाकटीचा चेहरा चौकोन चौकोन होत होता. त्याने लॅपटॉप उघडून पाहिलं तर नवी आवृत्ती आलेली. त्याला बरं वाटलं. निदान आज तरी चित्र स्वच्छ दिसेल. पाच मिनिटांचं काम, अजून बराच वेळ आहे. विचारायचं काय त्यात? त्याने बटण दाबलं. काम पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नये, अशी सूचना पडद्यावर आली. ती त्याने वाचली आणि मान हलवली. तो आतल्या खोलीत सरकणाऱ्या पट्टीकडे बघत बसला.

बाहेर चपलांच्या कपाटावर दिवा लाल झाला. अपडेट चालू असताना तो व्हायचाच, पण एरवी ते काम रात्री, आई झोपल्यावर व्हायचं. आई फडकं घेऊन तिथंच होती.

पट्टी थांबली. मिस्त्री थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग तो बाहेर धावला. आई बटणावर बोट ठेवून उभी होती, चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचं समाधान.

"लाल झाला होता बाळा," ती म्हणाली. "बरं झालं, आजच्या दिवशी माझं लक्ष गेलं."

तिने त्याचीच शिकवण अक्षरन् अक्षर पाळली होती. बटण पुन्हा चालू होतं, पण दिवा लाल नव्हता, हिरवाही नव्हता. डब्यात जीवच उरला नव्हता. त्याने कपाटावरची बायकोची पिन उचलून डब्यामागच्या रिसेटच्या बारीक भोकात दाबून धरली. वायर काढून लावली. पुन्हा पिन. पुन्हा वायर. ज्या हातांनी माणसांनी भरलेल्या लिफ्टा मधल्या मजल्यावरून अलगद खाली आणल्या, त्या हातांना आता ते बारीक भोक सापडत नव्हतं. आई एकदा त्याच्याकडे आणि एकदा डब्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान हळूहळू उतरत गेलं.

बायको दारात आली. काय झालं, हे तिला सांगावं लागलं नाही. तिने फोन उचलला आणि ती अनवाणीच जिन्याकडे पळाली. शेजारच्या कुणाचं नेट मिळेल म्हणून मिस्त्रीही मागोमाग धावला.

पहिल्या मजल्यावरचं एक घर राहतं होतं, त्याला कुलूप. तिसऱ्यावरच्या घराची घंटा मिस्त्रीने दाबून धरली, मग दारावर थापा मारल्या. आत कुत्रं भुंकलं, माणूस नव्हतं. रस्त्यावर जावं तर रेंजसाठी टेकडीला वळसा घालून पार नाक्यापर्यंत जावं लागणार, आणि चार वाजत आले होते. गच्चीवर लिफ्टच्या मोटारीची खोली होती. तिच्या दारापाशी उभं राहिलं की फोनला थोडी रेंज येते, हे त्याला कामामुळे ठाऊक होतं. लिफ्टची वाट न बघता दोघं जिन्यानेच वर गेली. जिना संपता संपत नव्हता. साडीचा काठ तिच्या पायाखाली येऊन फाटला, तरी तिने वळून बघितलं नाही.

फोन लागला. नर्सचा आवाज आला, चित्र नाही. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. एवढ्यात खाली कुणीतरी लिफ्टचं बटण दाबलं असावं, मोटार घरघरायला लागली आणि नर्सचे शब्द त्यात बुडून गेले. बायको कान झाकून ओरडत होती, ऐकू येत नाही, ऐकू येत नाही. मिस्त्री खोलीत शिरला. मोटार थांबल्याबरोबर त्याने मुख्य स्विचवर हात ठेवला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने खालच्या फटीतून लिफ्टच्या अंधाऱ्या खोल विहिरीत हाक दिली.

"आत कोणी आहे का?"

उत्तर आलं नाही. त्याने स्विच खाली ओढला. सगळं शांत झालं. माणूस आत असताना यंत्राला हात लावायचा नाही, आधी हाक द्यायची, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम. त्याने तो आजवर मोडला नव्हता. नव्या पोरांना तो हे दरडावून शिकवायचा. तो वळला तेव्हा बायको त्याच्याकडे बघत होती.

"मला का नाही विचारलंत?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला पेलवला असता.

मग ती फोनकडे वळली. नर्सने सांगितलं, इकडेही चित्र येत नाही, पण आवाज पोचतोय, बोला. थोरली बोलायला लागली. काय बोलावं ते तिला सुचेना, म्हणून साडीचं सांगितलं. पिवळी नेसले आहे, तुला दिसत नाही, पण नेसले आहे. केस विंचरले आहेत. उद्या तू बाहेर आलीस की पुन्हा हीच नेसेन. वाऱ्याने तिचे शब्द इकडेतिकडे होत होते. मिस्त्री आडोसा म्हणून आपला सदरा पसरून तिच्या बाजूला उभा राहिला. तेवढंच त्याला करता येण्यासारखं होतं.

मध्ये नर्सचा आवाज आला. तिलाही कसंतरी झालं असावं.

"त्या पडद्याकडेच बघतायत," ती म्हणाली. "पडदा काळा आहे, तरी बघतायत. आणि सारखं नाकाला बोट लावतायत. नळी टोचतेय का त्यांना?"

थोरलीने नाकाला बोट लावलं. गच्चीवर, भर उन्हात, कुणालाही दिसत नसताना ती तशीच उभी राहिली. "तिला सांगा," ती म्हणाली, "सांगा की मीपण लावलंय." नर्सने ते सांगितलं की नाही, कळलं नाही. फोन कट झाला होता. तिने पुन्हा लावला, मिस्त्रीने आपल्या फोनवरून लावला, दोघांनी गच्चीचा कोपरा न् कोपरा पालथा घातला. वेळ संपली होती.

धाकटी त्या शस्त्रक्रियेतून उठली नाही.

आईला कुणी काही बोललं नाही. सुनेनेच तिला सांगितलं, की कंपनीचीच लाईन गेली होती, तुमच्या बटणाने काही झालं नाही. आईने ऐकून घेतलं. पण त्यानंतर ती चपलांच्या कपाटाकडे फिरकली नाही. नवा राउटर आला, त्यावर धूळ साचायला लागली. ते माझं खातं आहे, असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही. मिस्त्रीची तपासणीही थांबली. गॅसची नळी, पंख्याचे स्क्रू, सगळं जसंच्या तसं राहू लागलं. नव्या डब्याच्या अपडेटची सूचना पडद्यावर यायची आणि तो ती बाजूला सारायचा. बायकोच्या हे लक्षात येत होतं.

शेवटी एका सकाळी तीच म्हणाली, त्या डब्याचं काय ते करून टाका, सारखी सूचना येते. मिस्त्री लॅपटॉप घेऊन कपाटापाशीच उभा राहिला, दिवा समोर दिसेल असा. आई आपल्या खोलीत होती. त्याचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच थांबलं. त्याने घरात हाक दिली.

"आत कोणी आहे का?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"नाही," बायको आतून म्हणाली. "आता कोणी नाही. करा तुम्ही."