कोठडीतील इसम : निरंक

"निळी की काळी?" दाखलेकाकांनी विचारलं.

हवालदार त्यांच्याकडे बघतच राहिला. पाच दिवस कोठडीत काढलेला माणूस बाहेर आला की पाणी मागतो, घरी फोन करू द्या म्हणतो, निदान पाया तरी पडतो. हा बाबा शाईचा रंग विचारत होता.

"असेल ती घ्या हो. साहेबांना उद्या रजिस्टर पूर्ण पाहिजे. रायटर बदलून गेला, आणि माझं अक्षर माझं मलाच लागत नाही."

"मागच्या नोंदी काळ्या शाईत आहेत," दाखलेकाका पानं उलटत म्हणाले. "मध्येच निळी बरी दिसणार नाही."

हवालदाराने मुकाट्याने काळं पेन शोधून दिलं. सकाळपर्यंत तो त्यांना 'ए म्हाताऱ्या' म्हणत होता. दोन ओळी लिहून झाल्या आणि त्याने वाकून पाहिलं. त्यानंतर तो 'काका' म्हणायला लागला.

अक्षर मोत्यासारखं होतंच. त्या अक्षरावर तर काकांची चौतीस वर्षं निघाली होती. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसून त्यांनी अख्ख्या गावाचं येणंजाणं लिहिलं होतं. घराघरातल्या पेटीत त्यांच्या हातचा एक तरी दाखला असायचाच, म्हणून त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. खिडकीवर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं: "कागद आणा." कोणी रडायचं, कोणी चढ्या आवाजात बोलायचं, कोणी म्हणायचं, काका, हा पोरगा तुमच्यासमोर उभा आहे, आता जन्मला की नाही याला पुरावा कसला? काका शांतपणे म्हणायचे, "नोंद नाही, तर मी तरी काय करू?" माणूस दुष्ट नव्हता. गरीब गाय होता. पण नोंद नाही ते घडलेलं नाही, असं त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं.

तर असा माणूस पोलीस ठाण्यात आला कसा? त्यांच्या मेहुण्यामुळे. काकूंचा धाकटा भाऊ चोरीच्या ट्रकांचे खोटे कागद करायच्या भानगडीत होता आणि पोलीस येणार म्हटल्यावर पसार झाला होता. तो सापडेना, म्हणून पोलीस बहिणीच्या घरी आले. काका आरशासमोर दाढी करत होते. "दहा मिनिटांचं काम आहे," असं म्हणाले, म्हणून काकांनी एका गालावरचा साबण पुसला आणि दुसऱ्या गालाची दाढी तशीच ठेवून गेले. मेहुण्याचा पत्ता त्यांना खरोखरच माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी त्यांच्या डाव्या कानाखाली अशी ठेवून दिली, की तेव्हापासून त्या कानात कुठेतरी नळ चालू राहिल्यासारखा आवाज येत होता. त्यानंतर कोणी काही विचारलंही नाही. "तो आला की तू जा," एवढंच सांगितलं.

कोठडी चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद होती. कोपऱ्यात संडास, त्याला कंबरेइतकी भिंत. एक घोंगडी, तिला आधीच्या सगळ्यांचा वास. दिवा कायम चालू, त्यामुळे दिवस कधी संपला ते जेवणाच्या ताटावरूनच कळायचं. पहिले दोन दिवस काका दर आवाजाला उठून गजांपाशी जायचे. मग जायचे बंद झाले. भीती वाटायची तीही हळूहळू वाटेनाशी झाली. बसून बसून पाय बधिर होतात ना, तसं आतून झालं होतं.

मध्ये एक पाकीटमार दोन दिवस सोबतीला होता. मोठा टापटिपीचा गडी. झोपताना शर्ट काढून नीट घडी घालायचा.

"तुमची एन्ट्री झाली का?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"कसली?"

"रजिस्टरात नाव. माझं आहे. मला उद्या कोर्टात उभं करणार. करावंच लागतं त्यांना. तुम्हाला आणून किती दिवस झाले?"

"चार."

पाकीटमाराने चुकचुक केली. "मग तुम्ही नाहीच आहात, काका. एन्ट्री करून घ्या आधी. भांडा, पण करून घ्या." चौतीस वर्षं लोकांना जे सांगितलं, ते आता एक पाकीटमार आपल्याला सांगतोय, हे काकांच्या लक्षात आलं. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

म्हणून रजिस्टर हातात आल्यावर, स्वतःला आणलं त्या तारखेपाशी येऊन त्यांनी पेन थांबवलं.

"हवालदारसाहेब, इथे माझं नाव येईल."

"तुमचं कशाला? तुम्हाला अटक कुठे केलीय?"

"मग मी काय आहे?"

हवालदाराने जरा विचार केला. "तुम्ही नुसते बसलाय," तो म्हणाला. "लिहा, निरंक."

काकांनी लिहिलं. कोठडीतील इसम : निरंक. हात जरासुद्धा अडखळला नाही, याचं त्यांना पुढे फार वाईट वाटलं. त्या वेळी मात्र काहीच वाटलं नाही. उलट टेबलापाशी खुर्ची होती, खिडकीतून मागचा रस्ता दिसत होता, एक कप चहा मिळाला होता. त्या दिवसापासून रोज सकाळी त्यांना बाहेर काढायचे, ते दिवसभर ठाण्याची रजिस्टरं लिहायचे, आणि संध्याकाळी हवालदार किल्ल्या घेऊन उभा राहिला की आपणहून आत जायचे. रोजची पहिली नोंद कोठडीचीच असायची.

तेविसाव्या दिवशी हवालदार सकाळी वस्तरा आणि इस्त्रीचा शर्ट घेऊन आला.

"दाढी करून घ्या. आज कोर्टाचा माणूस येतोय. तुमच्या मंडळींनी अर्ज केलाय, नवऱ्याला डांबून ठेवलंय म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका, चांगले आहात म्हणून सांगतो. आज तोंड उघडलंत तर मोठे साहेब काकूंनाच उचलून आणतील. भावाचा पत्ता बहिणीला ठाऊक असणार, असं त्यांनी मनात धरलंच आहे."

काकांनी दाढी केली. दोन्ही गालांची. टेबलापाशी येऊन बसले. कोर्टाचा माणूस चष्मा लावलेला, बगलेत फाइल, चेहऱ्यावरून भला वाटणारा. त्याने कोठडी पाहिली. ती रिकामीच होती, घोंगडीसुद्धा उचलली होती. मग तो टेबलाकडे आला. काकांनी रजिस्टर फिरवून त्याच्यासमोर धरलं.

"वा," तो म्हणाला. "असं अक्षर हल्ली बघायला मिळत नाही. कधीपासून लिहिता?"

"चौतीस वर्षं कारकुनी केली, साहेब."

"दिसतंय ते."

तो अजून अर्धा मिनिट तरी तिथे उभा होता. काकांच्या जिभेवर चार शब्द होते. मी तोच माणूस आहे. एवढंच बोलायचं होतं. मागे मोठे साहेब खिशात हात घालून उभे होते. काकांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. कोर्टाच्या माणसाने नोंदीखाली लिहिलं, 'समक्ष पाहिले, बरोबर आहे', आणि सही केली.

बाहेर व्हरांड्यात कोणीतरी बाई बोलत होती. काकांनी उजवा कान तिकडे केला.

"अहो, माझ्या डोळ्यांदेखत नेलंय त्यांना."

"बाई, मी स्वतः कोठडी पाहिली. रजिस्टर पाहिलं. सगळं व्यवस्थित आहे."

"रजिस्टरचं काय घेऊन बसलात? माणूस बघा ना."

"माणूस नाही आत."

मग काकूंचा आवाज आला, अगदी हळू. "नीट बघितलंत का?"

काका पुढची नोंद लिहायला लागले. धमकी खोटी नव्हती, साहेबांनी काकूंना आणलंही असतं. पण नंतर काकांनी स्वतःला पुष्कळदा विचारलं, की ती धमकी नसती तर मी बोललो असतो का?

सुटका झाली एकेचाळिसाव्या दिवशी. मेहुण्याने परस्पर साहेबांशी जुळवून घेतलं होतं आणि सोमवारीच फाइल बंद झाली होती. काकांना सोडलं शनिवारी. "राहूनच गेलं हो," हवालदार ओशाळून म्हणाला. "आणि ती शेवटची पानंही व्हायची होती." काळं पेन त्याने काकांना ठेवून घ्यायला सांगितलं.

घरी काकूंनी त्यांना पाहिलं, पाणी दिलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. नंतर भावाचा फोन आला तेव्हा त्यांनी "हयात आहेत" एवढंच सांगून फोन ठेवला. त्यानंतर भावाचा फोन त्यांनी कधी उचलला नाही.

कचेरीत नोटीस तयार होती. एकेचाळीस दिवस विनापरवाना गैरहजर, नोकरीतून का काढू नये याचा खुलासा करावा. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. काकांचा साहेब वयाने मुलासारखा, त्यांच्याच हाताखाली काम शिकलेला.

"काका, मला ठाऊक नाही का तुम्ही कुठे होता? सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण मला वर पाठवायला काहीतरी लागेल. ठाण्यात होतात असा एक कागद आणा, बाकीचं माझ्याकडे लागलं."

कागद आणा. काकांनी मान हलवली. ठाण्याने कानांवर हात ठेवले. मग काकूच कोर्टात खेटे घालायला लागल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या अर्जाच्या फाइलमधून ठाण्याच्या रजिस्टराच्या त्या पानाची नक्कल घेऊन घरी आल्या. कोर्टाच्या माणसाने अहवालाला तेच पान जोडलं होतं. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून त्या दारातच वाचू लागल्या. काका खुर्चीत बसून होते. आपण आधीच सांगायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. तीन आठवडे ते रोज सांगायचं ठरवत होते.

काकूंचं वाचणं मध्येच थांबलं. लग्नाआधीच्या पत्रांपासून वाण्याच्या यादीपर्यंत हे अक्षर त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

"हे तुम्ही लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्या दिवशी तुम्ही आत होतात."

"टेबलापाशी."

"माझं बोलणं ऐकू आलं?"

"एका कानाने," काका म्हणाले. त्यांना चेष्टा करायची नव्हती, खरं तेच सांगितलं होतं.

काकू खाली बसल्या. पिशवी खांद्यावरच राहिली. मग म्हणाल्या, "मी रोज तिथे समोर उभी राहायची हो. दुपारपर्यंत. म्हणायची, एकदा तरी खोकतील, आवाज तरी येईल." त्या रडल्या नाहीत. काकांनाही रडू आलं नाही. रडावंसं मात्र दोघांनाही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी ते पान कचेरीतल्या साहेबाला दाखवलं. त्यालाही अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. त्याने उठून दार लावलं.

"काका, हा तर पुरावाच आहे. तुम्ही तिथे नसता तर तुमचं अक्षर तिथे कुठून येणार? पण हे मी वर पाठवलं, तर सरकारी रजिस्टरात खोटी नोंद केलीत, असं तुम्हीच कबूल केल्यासारखं होईल. नोकरी तर जाईलच, वर केसही लागेल. त्यापेक्षा आजारी होतो म्हणून लिहा. डॉक्टरचा दाखला मी आणवतो. साहेब लोक समजून घेतील."

"खोटा दाखला?"

साहेब खाली बघायला लागला. "आता तुम्हाला काय सांगू," तो म्हणाला.

काका घरी आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून एक कोरा फॉर्म काढला. नोंद दुरुस्तीचा अर्ज. जन्मतारीख चुकली, आईचं नाव चुकलं, की लोक हाच भरायचे. असे हजारो त्यांनी लोकांना भरायला दिले होते, स्वतः कधी भरला नव्हता. ते काळं पेन घेऊन बसले. काकू शेजारी.

मूळ नोंद : कोठडीतील इसम, निरंक.

दुरुस्त नोंद : कोठडीतील इसम, एक.

दुरुस्तीचे कारण, या रकान्यापाशी ते पहिल्यांदाच अडले.

"लिहा की," काकू म्हणाल्या. "जे झालं ते लिहा."

काकांनी लिहिलं : मूळ नोंद करणारा व कोठडीतील इसम एकच होता. त्याने त्या वेळी खरे सांगितले नाही.

सकाळी तो फॉर्म नोटिशीच्या खुलाशाला जोडून दोघं कचेरीत गेली. काका आत न जाता आवकच्या खिडकीपुढच्या रांगेत उभे राहिले. पुढच्या माणसाने मागे वळून "काका, तुम्ही इथे?" म्हणून जागा देऊ केली, पण त्यांनी घेतली नाही. आवकच्या बाई त्यांच्याबरोबर अकरा वर्षं एकाच खोलीत बसलेल्या. नोटिशीचा खुलासा त्यांनी वाचला, खालचा फॉर्म पाहिला.

"काका, हा फॉर्म जन्म-मृत्यूचा आहे. ठाण्याच्या रजिस्टराला नाही चालत."

"माहीत आहे. त्याला दुसरा फॉर्मच नाही."

"साहेबांना विचारून घेऊ का एकदा?" बाईंनी आवाज खाली आणला. "हा कागद आत गेला की परत नाही येणार, काका."

"म्हणूनच आणलाय," काका म्हणाले. "क्रमांक टाका. आणि माझ्या प्रतीवर शिक्का द्या."

बाईंनी क्रमांक टाकला, तारीख टाकली. शिक्का दोनदा आपटला, एकदा त्यांच्या कागदावर आणि एकदा काकांच्या. मागच्या रांगेत कोणीतरी कुरकुरलं, तेव्हा काका बाजूला झाले.

काकू भिंतीजवळच्या बाकावर बसल्या होत्या.

"घेतला?"

"घेतला."

शिक्क्याची शाई अजून ओली होती. काकूंनी कागदाची घडी केली नाही. दोन्ही हातांत मांडीवर धरला, आणि तो वाळेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली.