आत्याची काठी वर जाईपर्यंत

एक फळी. देवदाराची, तीन फूट लांब. मधोमध बसच्या टायरचा ठसा.

नियम सातवा : प्रत्येक कलाकाराला बारा मिनिटं. दहाव्या मिनिटाला पिवळा दिवा लागेल, अकराव्याला लाल. बारा मिनिटं उलटल्यावरही जो रंगमंचावर असेल, त्याच्या नावाचा उन्हाळी दौऱ्यासाठी विचार होणार नाही.

२००९ साली, पोरीच्या लग्नात, गेताँ कास्तोंगेने भर मांडवात स्वतःचा हात वर केला. पुढची सहा वर्षं एक बाई त्याच्याशी बोलली नाही.

वाटाण्याच्या सूपची दोन पिंपं, साखर-सायीच्या वड्यांचे चार डबे, एक्केचाळीस माणसं. बाहेर उणे सव्वीस.

एका बदकिणीचं नोटरीवर मन बसलं.

*

२००९ सोडलं तर हे सगळं फेब्रुवारीतल्या एकाच दुपारचं आहे. शहरातल्या एका जुन्या हॉटेलात हिवाळी संगीत महोत्सव चालू होता. तिथे दरवर्षी एक दुपार नव्या लोकगायकांसाठी राखून ठेवतात. प्रत्येकाने बारा मिनिटं गायचं. तिसऱ्या रांगेत उन्हाळी उत्सवांचे पाच आयोजक वह्या घेऊन बसतात. त्यांना आवडलात तर जुलै-ऑगस्टभर तुमच्या पोटाची सोय झाली. नाही आवडलात तर हॉटेलची कॉफी चांगली असते.

मायेल कास्तोंगेने ती कॉफी दोन वर्षं प्यायली होती. यंदाचं तिसरं. तिच्या जोडीला चुलतभाऊ झाकारी, अकॉर्डियनवर. मायेल खुर्चीत बसून गायची आणि पायांनी फळीवर ताल धरायची, टाच-चवडा, टाच-चवडा, घोडं दौडल्यासारखा. जोडीचं नाव ‘ओले बूट’. यंदा दौरा मिळाला नाही तर मार्चपासून झाकारी उत्तरेकडच्या खाणीत कामाला जाणार होता, तसं त्याने आईला कबूलच केलं होतं. अकॉर्डियन गेल्यावर मायेल म्हणजे नुसतीच पाय आपटणारी बाई.

म्हणून यंदा अख्खं सँत-पुल्शेरी गाव बस करून आलं होतं.

*

“फळी कुठंय?” मायेलने विचारलं. रंगमंचावर जायला चार मिनिटं उरली होती.

“आणली ना, ही घे,” गेताँ काका म्हणाले.

“काका, हिच्यावर हे काय आहे?”

“टायर.”

“माझ्या फळीवर टायर?”

“अगं, चढावर बर्फात चाक नुसतं गरगर फिरत होतं. चाकाखाली काहीतरी घालायला नको? तुझी फळी होती म्हणून पोचलो. नाहीतर तुझं गाणं ऐकायला इथे आलं कोण असतं? ताबारनाक!”

त्या मुलखात चर्चमधल्या वस्तूंची नावं शिव्या म्हणून घेतात, आणि सकाळपासून काकांची अर्ध्या भांड्याकुंड्यांची नावं अशीच घेऊन झाली होती. मायेलने फळी स्कर्टला पुसली. झाकारीने तिला कोपऱ्यात ओढलं.

“आत्या बसलीय ना जागेवर?”

“पहिली रांग, उजवीकडची खुर्ची. मी स्वतः बसवून आले.”

“सहाव्या कडव्याला काठी वर?”

“सहाव्या कडव्याला काठी वर. स्वयंपाकघरात चौदा वेळा करून झालंय, झाक.”

रोझ-एमे आत्या म्हणजे सगळ्या गावाची आत्या. वय एक्क्याण्णव. सँत-पुल्शेरीत साद-गाणं चालू असलं की गाणारा एक ओळ म्हणतो आणि ऐकणारे तीच ओळ तशीच्या तशी परत म्हणतात. ऐकणारे म्हणतायत तोवर गाणाऱ्याने थांबायचं नाही. गाणारा गातोय तोवर ऐकणाऱ्यांनी थांबायचं नाही. अशाने गाव कधीच जेवायला बसलं नसतं, म्हणून एक तोड आहे. खोलीतलं सगळ्यात वडीलधारं माणूस काठी वर करतं. काठी वर, गाणं बंद. दुसऱ्या कुणी ती वर करायची नाही. लेकीच्या लग्नात सूप गार होतंय म्हणून गेताँ काकांनी नुसता हात वर केला होता, त्याची, आत्याच्या अबोल्याची, सहा वर्षं वर आलीच आहेत. आणि गाणं मध्येच सोडून उठणाऱ्याला तर गावात नाव पडतं. एकाला पडलं होतं. तो आता दुसऱ्या गावात राहतो.

*

मिनिट पहिलं ते सातवं. सगळं छान. एक नाच, एक संथ वॉल्ट्झ. आयोजकांपैकी हिरव्या मफलरच्या बाईने वहीत काहीतरी लिहिलं. महोत्सवाच्या व्यवस्थापिका सोलांज प्रेव्हो गळ्यात स्टॉपवॉच अडकवून पडद्याआड उभ्या होत्या. त्याही एकदा हसल्याचं झाकारीने पुढे शपथेवर सांगितलं.

मिनिट आठवं. साद-गाण्यातली बदकीण निघाली.

“बदकीण निघाली नदीपार!”

“बदकीण निघाली नदीपार!” एक्केचाळीस माणसांनी छत उचललं. शहरातली मंडळी चमकून मागे वळली. दुसऱ्या कडव्याला तीही म्हणायला लागली. तिसऱ्याला तीनशे माणसांची मिळून एकच बदकीण झाली. झाकारीने मायेलकडे बघून भुवया उडवल्या. खाण लांब गेली.

पाचव्या कडव्याला मायेलने सहज उजवीकडे पाहिलं.

खुर्चीवर एक हँडबॅग होती. हँडबॅगवर एक लाल हातमोजा. आत्या नव्हती.

सहावं कडवं आलं. बदकिणीने नोटरीसमोर सही केली. काठी काही वर गेली नाही. तीनशे माणसं तोंडं उघडी ठेवून पुढच्या ओळीची वाट बघत होती.

“आत्या कुठंय?” झाकारी ओठ न हलवता म्हणाला.

“मला काय माहीत!” मायेल म्हणाली. माइक तिच्या तोंडासमोर होता.

“मला काय माहीत!” तीनशे माणसं सुरात म्हणाली.

*

सातवं कडवं, जे गाण्यात नाही. बदकीण बूट घ्यायला जाते.

आठवं कडवं. तिला डावे दोनच मिळतात.

नववं कडवं. ती ते परत करायला जाते. (मायेलचं डोकं इथपर्यंत चाललं.)

पिवळा दिवा लागला.

“पिवळा दिवा लागला गं!” मायेल गायली. दुसरं काही सुचेना.

“पिवळा दिवा लागला गं!” सभागृह खूश. शहरात असं गाणं पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. केवढं सोपं, समोर दिसेल ते म्हणायचं.

मायेलने काकांना गाठलं. गावात आत्याखालोखाल वय त्यांचंच. “गेताँ काका, हात करा वर!”

“गेताँ काका, हात करा वर!” तीनशे माथी काकांकडे वळली. काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले, वर मांड्या आवळल्या आणि मान हलवली. एकदा सहा वर्षं भोगलेला माणूस तो.

“एकदाच, काका, पाया पडते!”

“एकदाच, काका, पाया पडते!” कुणी अनोळखी बाई तर खरोखरच वाकली.

मायेलचे पाय चालूच होते, टाच-चवडा, टाच-चवडा. आपल्या पायांचा तिला पहिल्यांदाच राग आला. एवढे इमानी पाय काय कामाचे? उठून जावं, तर एक्केचाळीस माणसं परतीच्या बसमध्ये साडेतीन तास तिच्याकडे बघणार. बसून राहावं, तर झाकारी डोक्याला दिवा बांधून जमिनीखाली.

लाल दिवा.

सोलांजबाई पडद्याआडून आल्या. हसू ताणून त्यांनी दुसरा माइक घेतला. “धन्यवाद, ओले बूट! वेळ संपली!”

“धन्यवाद, ओले बूट! वेळ संपली!”

“नाही, मंडळी, खरंच थांबा.”

“नाही, मंडळी, खरंच थांबा!”

“हे गाणं नाहीये!”

“हे गाणं नाहीये!” ही ओळ लोकांना फारच आवडली. ती त्यांनी दोनदा म्हटली. सोलांजबाईंनी स्टॉपवॉचकडे पाहिलं. त्यांचा उजवा पाय ताल देत होता आणि ते त्यांच्या ध्यानात नव्हतं.

शेवटी गेताँ काकांनाच राहवलं नाही. हात मांड्यांखाली तसेच ठेवून ते ओरडले, “अगं, ती बाथरूमला गेलीय!”

“अगं, ती बाथरूमला गेलीय!” तीनशे माणसांनी मायेलला सांगितलं.

*

अकरा मिनिटं, चाळीस सेकंद.

सातवा नियम मायेलला पाठ होता. तिसरं वर्ष होतं, पाठ नसता तरच नवल. ‘रंगमंचावर असेल.’ रंगमंचावर. गात असेल असं कुठे म्हटलंय?

ती उठली. फळी गप्प झाली. क्षणभर ताल हवेत लोंबकळला आणि मग सँत-पुल्शेरीच्या एक्केचाळीस, म्हणजे आत्या वजा जाता चाळीस, माणसांनी तो पायांवर घेतला. मायेल पायऱ्या उतरली.

“चला सगळे बाथरूमला!”

“चला सगळे बाथरूमला!” आणि सभागृह उठलं.

पडद्याजवळ सोलांजबाईंनी बटण दाबलं. अकरा बावन्न.

पुढे मायेल, मागे वाजवत झाकारी, त्याच्यामागे बर्फाच्या बुटांतली आणि शहरी बुटांतली माणसं. पाच आयोजक वह्या डोक्यावर धरून गर्दीत वाहत चालले होते. कोटांच्या खोलीवरून, सूपच्या पिंपांवरून, लिफ्टसमोरून वरात गेली. गेताँ काकांनी रंगमंचावर उडी मारून फळी उचलली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बहुतेक फळी अडीनडीला लागते अशी आज त्यांची खात्री पटली असावी.

पुढचा कलाकार, एक उंच मुलगा, वीणेसारखं केवढं तरी तारांचं वाद्य ढकलत रंगमंचावर आला. त्याने समोर पाहिलं. तीनशे रिकाम्या खुर्च्या, एक हँडबॅग, एक लाल हातमोजा. त्याने हँडबॅगला नमस्कार केला आणि सुरुवात केली.

*

“आत्या!” मायेलने बायकांच्या बाथरूमचं दार वाजवलं.

“आत्या!” तीनशे माणसांनी हाक मारली.

आतून काठीचा एक ठोका. मग, “एवढ्या सगळ्यांना एकदम लागली?”

“आत्या, बाहेर ये ना गं!”

“आत्या, बाहेर ये ना गं!”

“कशी येऊ? दार अडकलंय मेलं. केव्हाची काठीने ठोकतेय. तुम्ही तिकडून पाय आपटत होतात, मला वाटलं मलाच ओ देताय.”

“बरं, मग काठी वर कर तिथूनच!”

“बरं, मग काठी वर कर तिथूनच!”

“पोरी,” आत्या म्हणाली, आणि आवाज असा काढला की तीनशे माणसं परत म्हणायचं विसरली, “सुरुवात ऐकलीय का मी? दुसऱ्या नाचाला उठले होते. ज्याची सुरुवात ऐकली नाही, त्याचा शेवट मी करणार नाही. माझी काठी काय दिव्याचं बटण आहे? पहिल्यापासून म्हण.”

“तो नाच नव्हता, वॉल्ट्झ होती,” झाकारी पुटपुटला.

“म्हणूनच उठले.”

मायेलने दाराला कपाळ टेकवलं. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं हसू. बदकीण पुन्हा नदीकाठी येऊन उभी राहिली. पहिलं कडवं, दुसरं. अरुंद बोळात आवाज असा घुमला की भिंतीवरची फ्रेममधली कुणा मोठ्या माणसाची तसबीर तिरकी झाली. तिसऱ्या कडव्याला गेताँ काका गर्दी कापत पुढे आले.

“बाजूला व्हा! आत्या, दारापासून लांब हो!”

“तू आहेस का रे गेताँ? हात खाली आहेत ना तुझे?”

“फळी आहे हातात!”

“मग चालेल.”

चौथ्या कडव्याला कडीवर पहिला ठोका. पाचव्याला दुसरा, तोही तालात, हे कबूल केलं पाहिजे. सहाव्या कडव्याला बदकिणीने सही केली, तिसरा ठोका बसला, दार उघडलं आणि दारात रोझ-एमे आत्या उभी. एका हातात उरलेला लाल हातमोजा, दुसऱ्या हातात काठी.

काठी सावकाश वर गेली.

तीनशे माणसं गप्प. लांबून, रिकाम्या सभागृहातून, तारांचा बारीक नाद येत होता. फार सुरेख वाजवत होता पोरगा.

*

सोलांजबाईंनी नियमांचा कागद भिंतीला लावून दोनदा वाचला. “रंगमंचावर अकरा मिनिटं बावन्न सेकंद,” त्या म्हणाल्या. “बाथरूमबद्दल नियमात काही नाही. पुढच्या वर्षी असेल.”

हिरव्या मफलरच्या बाईंचा आवाज बसला होता. त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “जुलैत चार दिवस या, सरोवराकाठी. नंतरची तीन गावं माझ्या ओळखीची आहेत, तिथेही सांगते. पण एक अट आहे. या आजी करारात हव्यात. मला घरी मुलंबाळं आहेत, मी रात्रभर बदकीण म्हणत बसू शकत नाही.”

झाकारी मटकन सूपच्या पिंपावरच बसला. “मायेल, आईला कोण सांगणार?”

“तू सांग. खाणीतनं नको, वरूनच सांग.”

आत्याने करार डोळ्यांपासून हातभर लांब धरला. “चार दिवस? उघड्यावर?”

“तंबूत, आत्या.”

“सही करीन. पण तिथली बाथरूम आधी मी बघणार.” मग तिने काकांकडे मान वळवली. “आणि गेताँ, दाराचं बरं केलंस. वड्या उरल्यात का?”

काकांनी डबा उघडून पुढे केला. दुसरा हात मांडीलगतच ठेवला होता.

दाराची कडी आतून अडकते, अशी पाटी हॉटेलच्या माणसाने सकाळी नऊ वाजताच लावली होती, दाराच्या आतल्या बाजूला.