आई हसताना

ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची झाडाझडती थोरलीच्या हातात होती. कोणी गाणी भरून ठेवली, कोणी पत्त्यांचा खेळ टाकला, याची यादी दर सोमवारी दहाला आपोआप तयार होऊन नावानिशी सगळ्यांच्या मेलवर जायची. ही शक्कल तिचीच. चारचौघांत एकदा लाज गेली की माणूस बरोबर सुधारतो, असं तिने साहेबांना पटवलं होतं.

तिची धाकटी जाऊ त्याच ऑफिसात, आवक-जावक विभागात बसायची. शुक्रवारी तिच्या मशीनवर एक व्हिडिओ सापडला. नाव, 'आई हसताना'.

थोरलीने इअरफोन लावले. गेल्या वर्षी वारलेल्या सासूबाई पलंगावर बसून, ऐन लग्नात सासऱ्यांची चप्पल कशी हरवली ते सांगत होत्या. सांगता सांगता त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. थोरलीचा नुसता जळफळाट झाला. अकरा वर्षं औषधपाणी तिने केलं, जागरणं तिने काढली. तिच्या वाट्याला काय, तर 'चहा गार झालाय'. आणि ही बया रविवारी तासभर येणार अन् एवढं हसू घेऊन जाणार!

बाकीच्यांना फाइली काढून न्यायला तिने सोमवार सकाळपर्यंत मुदत दिली. धाकटीला दिली नाही. व्हिडिओ आपल्या मशीनवर घेतला आणि तिथला उडवून टाकला.

दुपारी धाकटी रडवेली होऊन आली. "ताई, माझा फोन बिघडला म्हणून तेवढा एकच इथे ठेवला होता हो. परत नाही का आणता येणार?"

"नियम सगळ्यांना सारखा," थोरली मान वर न करता म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तिने तो चारदा पाहिला. चारही वेळा सासूबाई कॅमेऱ्यामागच्या धाकटीकडेच बघून हसल्या.

सोमवारी दहाला यादी आपोआप गेली. सगळ्यांनी आपापलं साफ केलं होतं. यादीत एकच ओळ होती: थोरलीचं मशीन, 'आई हसताना'. आपलंही मशीन झडतीत असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

धाकटी आली तेव्हा थोरलीने चार शब्द ऐकून घ्यायची तयारी केली. धाकटीने टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला.

"मला यात एक कॉपी द्या. तुमची तुम्हाला राहू द्या, ताई. आईंचं सगळं तुम्हीच तर केलंत."

थोरलीने पेनड्राइव्ह लावला आणि कॉपी करून दिली. हा मोठेपणाही मेला हिलाच सुचावा, याचा थोरलीला इतका हेवा वाटला, की तिचे डोळे भरून आले.