रविवारी गैरहजर असलेले सात जण

मित्रांनो, मी भोंगा आहे. जुना, पत्र्याचा, एका बाजूने चेपलेला. मला तोंड आहे, पण ते मिटता येत नाही. माझी सगळी भीती तिथूनच येते.

लिमा शहरातल्या एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं. काही वर्षं मी एका फिरत्या सर्कशीच्या गाडीवर ओरडलो. मग रेतामास टेकडीवरच्या लोकांनी वर्गणीसाठी कोंबडीचं जेवण रांधून, त्याची तिकिटं विकून मला विकत घेतलं. टेकडी म्हणजे नुसती वाळू. ही माणसं डोंगरातून पळून आलेली. तिथे एकीकडून क्रांतीच्या नावाने बंदुका घेतलेले मारत होते, दुसरीकडून लष्कर. इथे त्यांनी चटयांच्या भिंती उभ्या केल्या आणि सभेच्या खोलीवर, खांबाला मला बांधलं. पाण्याचा टँकर आला, कुणाची म्हातारी गेली, कुणाला मुलगी झाली, सगळं माझ्या तोंडून. बायका कपडे घासता घासता हात थांबवून ऐकायच्या. पोरं मला फडक्याने पुसायची. चांगले दिवस होते.

वस्तीची एक रीत होती. रविवारी सगळ्यांनी मिळून काम करायचं. कधी पायऱ्या बांधायच्या, कधी शाळेची भिंत. जो आला नाही त्याचं नाव सभेच्या खोलीच्या दाराला लावायचं आणि सोमवारी सकाळी माझ्यातून वाचायचं. दंड नाही, मार नाही, फक्त चारचौघांत लाज. वाचायचा वस्तीचा सेक्रेटरी तेओफानेस पालोमिनो. पूर्वी बसचा कंडक्टर. आवाज खणखणीत, आणि स्वतःच्या आवाजावर भारी जीव.

"रुफिनो शेजारी, काल फावडं तुमची आठवण काढून रडत होतं."

अख्खी टेकडी हसायची. रुफिनोही हसायचा.

मग तो रविवार आला. सगळे पाण्याच्या नळासाठी चर खणत होते. सकाळी अकराला शहराच्या श्रीमंत भागात, एका इमारतीखाली उभ्या केलेल्या गाडीत बॉम्ब फुटला. डोंगरात मारणारे तेच लोक आता शहरात बॉम्ब ठेवत होते. रेडिओवर आकडा वाढत गेला. नऊ, चौदा, एकवीस. लोकांनी कुदळी खाली ठेवल्या.

सोमवारी तेओफानेसने सवयीने यादी वाचली. नेहमीचं काम केलं की भीती कमी होईल असं त्याला वाटलं असावं. सात नावं. सातवं शहरात घरकाम करणाऱ्या एर्मेलिंदाचं.

"एर्मेलिंदा ताई, मालकिणीच्या घरी पलंग मऊ असतो वाटतं."

कुणी हसलं नाही. दुपारी एर्मेलिंदाची बहीण टेकडी चढून आली. मालकांकडे बारसं होतं म्हणून त्या रविवारी एर्मेलिंदाला सुट्टी मिळाली नव्हती. ती त्याच इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती. आता एकविसांत ती होती.

बुधवारी तिला पुरलं. गुरुवारी लष्कराचे ट्रक आले.

रेडिओवर तीन दिवस एकच गजर चालला होता. टेकड्या साफ करा. हे डोंगरातून येणारे सगळे एका माळेचे मणी. एक निवृत्त कर्नल तर म्हणाला की पुरावे शोधत बसायला हा देश म्हणजे काय शाळा आहे का. लोक टाळ्या वाजवत होते. ज्यांची माणसं मेली त्यांना मात्र कुणी विचारलं नाही.

ट्रकमधून उतरलेला कॅप्टन तरुण होता, कित्येक रात्री झोपलेला नव्हता, आणि तोही घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाच्या हातात बंदूक असली की माझ्या पत्र्यातून गार वारं जातं.

"रविवारी वस्तीत कोण नव्हतं?" त्याने विचारलं.

दारावर यादी आयती होती. त्याने ती काढून घेतली. सहा जणांना घरांतून ओढून आणलं. त्यांत बेकरीत पाव भाजणारा अबिलिओ सुल्का होता. पायात चप्पलही नव्हती.

"सातवी कुठंय?"

"मेली, साहेब," तेओफानेस म्हणाला. "काल पुरली. त्याच बॉम्बमध्ये गेली."

कॅप्टनने कागदावरून डोळे वर केले. "ठेवताना?"

एर्मेलिंदाची बहीण तिथेच उभी होती. तिने मान खाली घातली. मित्रांनो, त्या एका शब्दाइतकी भीती मला बॉम्बचीही वाटली नव्हती.

जाताना कॅप्टनने माझ्यातून घोषणा करायला लावली. शेजाऱ्याबद्दल शंका असेल त्याने नाव द्यावं. त्या सहा जणांना घेऊन ट्रक गेले, खाली रस्त्यावर दोन शिपाई ठेवले. आणि लोक आले. हो, माझे लोक. एकीने जावेचं नाव दिलं. एकाने ज्याच्याशी भिंतीवरून भांडण होतं त्याचं दिलं. तेओफानेस लिहून घेत होता आणि घाम पुसत होता. मला वाटत होतं की आता ही सगळी नावं माझ्याच घशातून जाणार.

तेवढ्यात अबिलिओची आई आली. नेमेसिया, उकडलेले बटाटे विकणारी. लिहिता-वाचता येत नाही, बोलण्यात डोंगरातला हेल. रांग मोडून ती थेट टेबलापाशी गेली.

"सेक्रेटरी, माझ्या पोराचं नाव तू वाचलंस. आता तो कुठे होता तेही वाच."

"मावशी, हळू बोला. खाली शिपाई आहेत."

"बेकरीत होता. मालकाला विचार. दोनशे लोकांनी त्याच्या हातचा पाव खाल्ला त्या दिवशी."

"मला नेलं तर?"

"तर सोमवारी तुझं नाव मी वाचीन. फावडं रडतंय म्हणून सांगीन."

रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. तेओफानेसची बायको दारातून म्हणाली, "आयुष्यभर बडबड केलीत, एकदा कामाचं बोला."

तो उठला. त्याने माइक दोन्ही हातांनी धरला. माझ्यातून निघालेला तो आवाज मला ओळखू आला नाही.

"ही यादी कामावर न आलेल्यांची आहे. दहशतवाद्यांची नाही. चूक माझी. आता प्रत्येक जण कुठे होता ते सांगतो. ज्याने पाहिलं असेल त्याने इथे येऊन सही करावी, नाहीतर अंगठा द्यावा."

रुफिनो घरी झोपला होता. शेजारणीने त्याचं घोरणं ऐकलं होतं. एक जण बाळंतिणीपाशी होता. एक दारू पिऊन चर्चच्या मागे पडला होता, पाद्रीबाबांनीच उचलला होता. अबिलिओ बेकरीत पाव भाजत होता. एर्मेलिंदा कपडे वाळत घालत होती. शिपाई वर बघत राहिले. त्यांतला एक डोंगरातलाच होता. त्याने बंदूक खांद्याला लावली नाही.

नावं द्यायला आलेली रांग तिथेच उभी होती. काही घरी पळाले. बाकीच्यांनी अंगठे दिले. दुसऱ्या दिवशी नेमेसिया आणि तेओफानेस तो कागद घेऊन लष्कराच्या छावणीच्या फाटकाशी बसले. रोज बसले. एकोणीस दिवसांनी पाच जण परत आले. रुफिनोला आता डाव्या कानाने ऐकू येत नाही.

अबिलिओ आला नाही. छावणीत म्हणतात, असा कुणी माणूस इथे आणलाच नव्हता.

चार महिन्यांनी ती बॉम्बची गाडी उभी करणारा सापडला. आमच्या टेकडीवर नाही. दोन साध्या वेशातल्या पोलिसांनी एका गॅरेजवर चार महिने पाळत ठेवली, कुणाला न मारता, कुणाचं दार न तोडता. त्याच्यावर खटला चालला, साक्षी झाल्या, शिक्षा झाली. एर्मेलिंदाची बहीण कोर्टात पहिल्या बाकावर बसली होती. असं होऊ शकत होतं, मित्रांनो. कर्नल म्हणाला तसं ते शाळेतलं काम नव्हतं. देशाचं काम तेच होतं.

एकवीस घरांनी न्याय मागितला होता. आम्ही त्यांना अबिलिओ दिला.

आता मला गंज चढलाय. वस्तीत नवा भोंगा आलाय, मला कुणी पुसत नाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं मागणं वेगळं आहे. कधी तुमच्या शहरात असं घडलं, छाती धडधडायला लागली, आणि कुणीतरी सांगितलं की नावं द्या, तर माझ्यासारखं तोंड उघडं ठेवू नका. तुम्हाला ते मिटता येतं. आधी विचारा, तो माणूस त्या वेळी कुठे होता. उत्तर मिळेपर्यंत त्याच्या बाजूने त्याच्या दारात उभे राहा. भीती वाटेल. वाटू द्या. नेमेसियालाही वाटत होती. छावणीच्या फाटकाशी ती आजही जाते, आणि शिपाई बदलला की नव्या शिपायाला पहिल्यापासून सांगते की तिचा मुलगा बेकरीत होता.