पेज पाजलेला कागद

मी कागदाचा साचा. कर्जतला उल्हास नदीच्या काठी कोंडाजीशेठची कागदशाळा होती, तिथल्या खुंटीला टांगलेला आहे. सागवानी चौकट, तिच्यावर गवतकाड्यांची बारीक चटई आणि त्या काड्या विणायला माथेरानच्या घोड्यांच्या शेपटीचे केस. लगद्याच्या हौदात मला बुडवायचं, अलगद उचलायचं. पाणी गळून गेलं की माझ्या अंगावर एक कागद उरतो.

महायुद्धाच्या दिवसांत गिरणीचा कागद मिळेनासा झाला, म्हणून माझा जन्म झाला. दिवसभर गार पाण्यात बुचकळणाऱ्याला सुख कसलं? पण मला धरणारे हात चांगले होते. ते जवळच्या कोंडाणे गावच्या धोंडूबाईचे. तिचा नवरा पदू बाहेर मोठ्या कढईत, काहिलीत, चुना घालून अंबाडीचे धागे शिजवायचा.

शेठचा कागद खडखडीत म्हणून नावाजलेला. अंबाडी भरपूर कुटायची, वाळल्या कागदाला तांदळाची पेज फासायची आणि वर गुळगुळीत दगडाने घोटायचं. सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत भात गेलेलं, माणसांच्या ताटातली पेज पाण्यासारखी झालेली, पण कागदाची पेज मात्र घट्ट लागायची. मला त्याची चीड यायची.

काहिलीचा एक कान तडकला होता. पदूने दोनदा सांगून पाहिलं. शेठ म्हणाले, "चालतंय तवर चालू दे." चव्वेचाळीसच्या पौषात तो कान तुटला आणि उकळता चुना पदूच्या पाठीवर सांडला.

डॉक्टरांनी मलम दिलं, पाठ झाकून ठेवा म्हणाले. पण धोतराचा तुकडा चिकटायचा आणि काढताना कातडी घेऊन यायचा. मग जेवणाच्या सुट्टीत धोंडूबाईने त्याच्या पाठीवर ठेवायला स्वतःचा कागद करायला घेतला. पहिला मऊ झाला, पण मलमातच विरघळला. दुसरा टिकला, पण सालपटासारखा टोचला.

शेजारी काम करणारी आवडी म्हणाली, "मऊबी नि दमदारबी, दोन्ही कसं जमंल गं?"

"जमवाया पायजे. सोसवत नाय त्यांना."

पंधरा दिवस ती खपली. अंबाडी बेताने कुटली, धागे लांब राहू दिले. त्यात केळीच्या खोडाच्या सोपटांचा लगदा मिसळला. पेज नाही, घोटणं नाही. कागद अर्धवट सुकला की हलक्या मुठीत चुरगाळायचा, उलगडायचा, परत चुरगाळायचा. तो कागद ओढला तरी फाटेना आणि गालाला लावला तर जुन्या धोतरासारखा लागला. पदूच्या पाठीवरून तो सहज सुटू लागला. पाठ सुकायला लागली. आवडीने हे सांगितलं तेव्हा साच्याच्या जन्माला आल्याचं मला पहिल्यांदा बरं वाटलं.

शेठने तो कागद पाहिला आणि नमुना मुंबईला धाडला. एका दवाखान्याकडून मागणी आली. तेव्हापासून शेठ सगळी पानं कुलपात ठेवू लागले.

"शेठ, रोजची दोन पानं तरी द्या. पाठ अजून वली हाय."

"माल जाऊ दे, मग बघू."

माल निघायच्या दिवशी शेठने गठ्ठ्यावर हात ठेवला आणि त्यांनाच लाज वाटली. असला लुळा कागद आपल्या नावाने जायचा? त्यांनी पेजेचं भांडं मागवलं. धोंडूबाई आडवी आली.

"नका शेठ. वला झाला की चिकटंल."

"बिनपेजेचा कागद परगावी धाडतात का कुठं? मला कागद शिकवतेस?"

पानन् पान पेज पिऊन ताठ झालं. मुंबईने माल पाहिला आणि आहे तसा परत केला. मग शेठला उदारपणा सुचला. "घे धोंडूबाई, समदा तुझाच."

पदूची पाठ तोवर पुन्हा धोतराखाली चिघळली होती. नवा कागद करायला आठवडा गेला असता, आणि तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. तिने ती पानं नदीवर तीनदा घासून धुतली, त्यात बहुतेक फाटून वाहून गेली, उरली ती त्याच्या पाठीवर पसरली. पेज अशी जात नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा कागद सोडवला, तर नवी कातडी त्याच्याबरोबर आली. उरलेला पदूने सोडवू दिला नाही. मग ताप भरला आणि नवव्या दिवशी पदू गेला.

पंधरा दिवसांनी मुंबईचं पत्र आलं: पहिला नमुना वापरून संपला, तसाच मऊ कागद हवा. शेठने धोंडूबाईला बोलावून घेतलं. एरवी अगं-तुगं करणारा माणूस, त्या दिवशी त्यांच्या तोंडी मान आला. "धोंडूबाई, तो पयला कागद कसा केला तुमी, तेवढं सांगा."

"इसरले मी, शेठ."

"आठवा की जरा."

"तुमी पेज घातली तवाच इसरले." माझ्या कडेवरून तिने एकदा हात फिरवला आणि ती निघून गेली. परत आली नाही.

ती विसरली नव्हती. शेठने पुष्कळ खटपट केली, पण कधी कागद विरघळला, कधी टोचला. अंबाडी कुठवर कुटायची हे त्यांच्या हाताला कळेना. माझ्या काड्यांना ते कळत होतं, पण मला वाचा असती तरी त्या माणसाला मी सांगितलं नसतं.

आता गिरणीचा कागद पुन्हा येतो. कागदशाळा बंद आहे, माझ्या चौकटीला वाळवी लागली आहे. एवढीच विनंती आहे, मला चुलीत घाला, पण पुन्हा त्या हौदात बुडवू नका. शेठ अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, त्या कागदाचा एक तुकडा जरी मिळाला असता तरी पाहून तसा केला असता. एक तुकडा उरला होता. तो पदूच्या पाठीला चिकटून चितेवर गेला.